न उडालेली बंदूक

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आमच्याकडे ती मोठ्यांनीच सांगायची असं ठरलेलं आहे. पण मोठी माणसं शेवटाला आली की जांभया देतात आणि गोष्ट भरभर उरकतात. म्हणून मीच सांगते.

पुष्कळ पुष्कळ पावसाळ्यांपूर्वी, डोंगरांच्या रांगेपलीकडे एक राज्य होतं. तिथल्या राजाला शिकारीच्या जुन्या बंदुका जमवायचा नाद होता. शस्त्रागाराच्या भिंती बंदुकांनी भरल्या होत्या. फक्त एक खुंटी रिकामी होती. राजानं दवंडी पिटवली : ‘या खुंटीला शोभेल अशी दुर्मिळ बंदूक जो आणेल, त्याच्या गावाला मागेल ते देऊ.’

नदीपलीकडच्या एका गावात एक नाईक राहत होता. दवंडी ऐकून सगळं गाव त्याच्या ओट्यावर जमलं.

“नाईक, आजोबांची बंदूक न्या, आणि राजाकडून नदीवर लाकडी साकव मागून आणा.”

नदी भरली की गाव तुटायचं. मागच्या पावसाळ्यात नाईकाची सून अडली होती, आणि सुईण पलीकडच्या तीरावर उभी राहून नुसत्या हाका मारत होती. बाळ-बाळंतीण वाचली, पण नाईकाच्या कानांतून त्या हाका काही गेल्या नाहीत.

बंदूक द्यायची तर जीव तुटत होता. तिनंच आजोबांनी नरभक्षक वाघ मारला होता, असं पोरंसोरंसुद्धा सांगायची. गावात कुणाचंही लग्न असो, पहिला विडा नाईकाच्या घराला मिळायचा तो त्या वाघामुळेच. तरीही नाईकानं बंदूक घोंगडीत गुंडाळली आणि तो राजधानीला निघाला.

राजाचा पारखी म्हातारा होता आणि बोलायचा कमी. त्यानं बंदूक खिडकीपाशी नेली. नाईकानं वाघाची गोष्ट सुरू केली.

“गोळी कुठं लागली म्हणता?” पारख्यानं मान वर न करता विचारलं.

“दोन डोळ्यांच्या बरोब्बर मधोमध!”

“हं. नळीच्या तोंडाशी जरा बोट घाला. आतल्या खाचांचा पीळ लागतो हाताला?”

“लागतो की. चांगला धारदार आहे.”

“गोळी ठासून ठासून ती धार बोथट होते. आणि ठिणगी आत जायचं हे छिद्र बघा, सुईनं पाडल्यासारखं गोल आहे. आगीनं एकदा जरी चाटलं असतं तर काठ काळे पडले असते. नाईक, ही बंदूक कधी उडालेलीच नाही.”

नाईक उसळून उभा राहिला. “आमच्या आजोबांना खोटं पाडता?”

“तुमच्या आजोबांना मी ओळखत नाही. बंदुकीला ओळखतो.”

नाईकानं पुन्हा नळीत बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं विचारलं, “मग हिचं मोल काय?”

“ते दरबारातच सांगायचं, असा नियम आहे. आधी बोललो तर माझी पगडी जाईल. मात्र मला कुणी विचारल्याशिवाय मी वाघाचं नाव काढणार नाही. गोष्ट तुमची आहे, काय सांगायचं ते तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवशी शस्त्रागारातच दरबार भरला. आधी एक सरदार पुढे आला. त्याची बंदूक लखलखत होती.

“महाराज, हिनं शंभर वाघ लोळवलेत!”

पारख्यानं ती हातात घेतली. “सरदार, कशानं घासलीत?”

“चिंच, राख, वाळू! आरसा करून टाकलाय!”

“खरं आहे. कारागिरानं नाव कोरलं होतं, तिथं आता तुमचंच तोंड दिसतंय.”

दरबार खदखदून हसला. मग नाईकाची पाळी आली.

राजा पुढे झुकला. “बोला नाईक, हिनं किती वाघ मारले?”

 वाघाची गोष्ट नाईकाच्या ओठांवर तयार होती. ती सांगितली की साकवही मिळाला असता आणि आजोबांचा मानही राहिला असता. पण बोटाला त्या पिळाची धार अजून जाणवत होती. माहीत नव्हतं तोवर ती गोष्ट होती; आता सांगितली तर ती थाप झाली असती.

“एकही नाही, महाराज. ही बंदूक कधी उडालीच नाही.”

“काय सांगता! मग ही काय पोरांच्या खेळण्यासाठी आणलीत?” राजा म्हणाला, आणि सरदार सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पारखी मात्र हसला नाही. “महाराज, आपण बंदुका जमवता की गोष्टी? गोष्टी हव्या असतील तर दरबारात भाट पुष्कळ आहेत.”

हसणं थांबलं. पारख्यानं बंदूक उजेडात धरली. “ही घडवणाऱ्या कारागिराच्या आणखी बंदुका आपल्याकडे आहेत. सगळ्या झिजलेल्या, धुरानं खाल्लेल्या. त्यानं हातातून खाली ठेवली तेव्हा बंदूक कशी होती, हे कुणीच पाहिलेलं नाही. ते हिच्यात दिसतं. पण नाईकांनी वाघाची गोष्ट सांगितली असती, तर हिला न उडालेली म्हणून दाखवायचं कुठल्या तोंडानं? हिच्याइतकी दुर्मिळ बंदूक या भिंतीवर दुसरी नाही.”

राजा खाली उतरला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती बंदूक रिकाम्या खुंटीला लावली.

साकव बांधणारे सुतार बरोबर घेऊन नाईक परतला. गाव नाचत सामोरं आलं, पण त्याचं तोंड उतरलेलं. पारावर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. “वाघ आजोबांनी मारला नाही. पहिला विडा आता आमच्या घराला नको.”

 मग एक खापरपणजी झालेली म्हातारी फिसकन हसली.

“मारला नाही, पण गेला ना? माझी सासू सांगायची, सगळं गाव ढोल-थाळ्या बडवत रानात घुसलं होतं. तिनं तांब्याचा हंडा असा बडवला, की त्याचं बूडच गेलं! नाईकाचा आजा बंदूक घेऊन पुढं होता खरा, पण त्याचे हात इतके लटपटत होते, की बार काढायचं सुचलंच नाही. पण पुढं होता बरं का, मागं नव्हता!”

नाईकाला हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. मग ज्याला त्याला आपापली माणसं आठवू लागली. कुणाचा आजा ढोलावर होता, कुणाची आत्या पलिता घेऊन धावली होती. तेव्हापासून त्या गावात लग्नाचा पहिला विडा घराघरांतून फिरू लागला.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा, लक्षात ठेवा : बढाईनं वस्तूचं मोल झाकलं जातं आणि माणसाचंही, खरं बोललं की दोन्ही उजेडात येतं.

आणि पुढच्या पावसाळ्यात नदी भरली, तेव्हा सुईण साकवावरून चालत आली म्हणतात, आणि मधोमध थांबून तिनं नाईकाला जी हाक मारली, ती ऐकून नाईक…

“अगं, किती वेळ लिहीत बसणार आहेस? दूध उतू चाललंय!”

आले, आई, आले! तर नाईक तिला म्हणाला, की… थांबा, आधी दूध उतरवून येते!