न उठणारा राजा

एका राज्यात वृकमित्र नावाचा राजा होता. राज्य केवढं? या वेशीवर शंख फुंकला, की त्या वेशीवरचं तान्हं जागं व्हावं, एवढंसं! पण ऐट पाहाल तर सम्राटाची. सिंहासनावर बसलेला राजा कोणासाठीही उठत नसे, अशी त्या कुळाची रीतच होती.

रीत कसली, शाप तो! मूळपुरुष देवमित्र याच्या दरबारी एक यक्षिणी म्हातारीच्या वेषात आली. तो जागचा हलला नाही. ती म्हणाली, "नाही ना उठायचं? मग बसाच, पिढ्यान्‌पिढ्या!" तेव्हापासून गादीवर येणारा प्रत्येक राजा पायांकडून दगड होत जाई. उठता येईना, तर या शहाण्यांनी त्याचीच रीत केली! दगड झालेले पूर्वज देवळात ओळीनं बसलेले होते.

वृकमित्र गुडघ्यांपर्यंत दगड झाला होता. स्वतःचं त्याला काही वाटत नसे. आपल्यामागे एकुलती लेक उत्पला या गादीवर बसणार, हाच त्याच्या जिवाला घोर.

एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बोलली, "शाप सुटायला कामं तीन. नागाच्या फण्यावरचं कमळ आणावं. मांत्रिकाच्या विहिरीचं पाणी आणावं. आणि राजानं आपणहून उठावं."

"दगडाच्या पायांनी उठू कसा?" राजानं विचारलं.

"ते तुझं तू बघ," म्हणून साळुंकी उडाली.

उत्पला निघाली. नागानं कमळ लगेच दिलं. आजवर त्याच्याकडे कोणी मागितलंच नव्हतं. मांत्रिकानं पाणी दिलं, पण बदल्यात तिच्या पायांतल्या वहाणा घेतल्या.

इकडे राणीनं राजाचे पाय तेलानं चोळले. मल्लांनी राजाला ओढलं. सिंहासन कुरकुरलं, राजा हलेना.

आणि दारात उत्पला आली. हातात कमळ, कलश. पाय काट्यांनी रक्तबंबाळ. उंबऱ्यातच ती कोसळली.

"अगं माझे बाई!" राजा धावला. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, कलशातलं पाणी तिच्या ओठांना लावलं, कमळानं वारा घातला. "पाय बघू तुझे, पाय बघू," एवढंच तो म्हणत राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही उठलात."

राजानं मागे पाहिलं. सिंहासनापासून उंबऱ्यापर्यंत दगडाच्या खपल्या पडल्या होत्या. तो लहान मुलासारखा रडला.

"रडणं पुरे," डोळे पुसत राणी म्हणाली, "पोर उपाशी आहे."

सकाळी देवळात पाहतात तो काय, बसलेले सगळे पूर्वज उभे! पुढे उत्पला गादीवर आली. दही विकणारी दारात आली तरी ती आधी उठे. ताटातलं अन्न निवे, पण कुळात पुन्हा कोणी दगड झालं नाही.

झाली गोष्ट. आता तुम्हीही उठा. दारात कोणीतरी आलंय.