न विझवलेली होळी

एका राज्यात एका वर्षी वसंत आला, तो फुले घेऊन नव्हे, आग घेऊन आला. ती आग कोठून आली ते सांगतो. आधी माठातले दोन घोट पिऊन घ्या, कारण ऐकताना घसा कोरडा पडतो.

त्या राज्याची एक रीत होती. फाल्गुनी पौर्णिमेला राजवाड्यापुढे मोठी होळी पेटे. दुसऱ्या सकाळी राजा मुकुट उतरवून अनवाणी निघे, तीन दारांशी उभा राही आणि प्रत्येक दारी ओंजळभर पाणी मागे. वर्षभर हुकूम सोडणारा राजा त्या एका सकाळी याचक होई. ते पाणी पडले की होळी विझे आणि उन्हाला वेसण बसे. मग उन्हाळा येई, घाम काढी, आंबे पिकवी आणि आपल्या वेळी निघून जाई.

राजा रणदत्ताने ही रीत कधी चुकवली नव्हती. पण त्या वर्षी होळी पेटली आणि त्याची एकुलती एक लेक केतकी हिवाने काकडू लागली. एवढीशी पोर, तिचे ओठ निळे पडले. वैद्यांचे काढे, लेप वाया गेले. तेव्हा राखाडी वस्त्रांतला एक म्हातारा मांत्रिक पुढे आला. त्याचे नाव धूम्रकेश.

"राजा, मुलीला होळीच्या उबेत ठेव," तो म्हणाला. "होळी पेटती आहे तोवर हिचा श्वास चालेल. होळी विझली की श्वासही विझेल."

राजाने होळीपाशी मांडव घातला, तिथे केतकीला निजवले. पहाटे तिने डोळे उघडले आणि खायला मागितले. लोक रीतीप्रमाणे दारांशी पाणी भरून उभे राहिले, पण राजा मागायला आलाच नाही. राजाला नावे ठेवणे सोपे आहे. निळ्या ओठांची आपली लेक मांडीवर घेऊन बसा आणि मग बोला.

धूम्रकेश होळीशेजारी ठाण मांडून बसला. तो लाकडे घाली, हसे आणि कधी पाण्याला तोंड लावीत नसे.

मग चैत्र लागला आणि ऊन मोकाट सुटले. आंब्याचा मोहोर झाडावरच काळा पडला. दाराच्या कडीला हात लावला की कातडी कडीला चिकटे. विहिरींत मासे उकडून वर आले. उडता उडता कावळे अंगणात पडत. रस्त्याने चाललेला माणूस मध्येच थांबे, काही आठवल्यासारखे करी आणि कोसळे. पुढेपुढे तर सरणाला अग्नी द्यावा लागेना. मढे ठेवले की लाकडे आपोआप पेट घेत. प्रधानांनी मोठी अक्कल चालवली. ऊन फार आहे असे कोणी बोलू नये, अशी त्यांनी दवंडी पिटवली. दवंडी पिटणारा भर चौकात पडला, तो उठला नाही.

राजाच्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. राज्यात माणूस मरे, तेव्हा धूम्रकेशाचा एक पांढरा केस काळा होई. चैत्र सरता सरता तो म्हातारा पंचविशीचा दिसू लागला. राजाला त्याची भीती वाटू लागली, पण लेकीची भीती त्याहून मोठी होती. त्याने होळी पेटतीच ठेवली.

शेवटी राणीच बोलली.

"महाराज, पोर भाजते आहे. हात लावून पाहा."

राजाने केतकीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. होळी ठेवावी तर लेक भाजून मरणार, विझवावी तर श्वास जाणार. त्याने छातीवर दगड ठेवला आणि हुकूम दिला, "घराघरांतले पाणी आणा. होळी विझवा."

शिपायांनी हंडे, घागरी, तान्ह्या पोरांच्या वाट्यासुद्धा ओढून आणल्या. ते पाणी होळीवर ओतले. पाणी तेलासारखे पेटले आणि ज्वाळा वाड्याच्या सज्जाला जाऊन भिडल्या. धूम्रकेश पोट धरधरून हसला.

तेवढ्यात मांडवाच्या खांबावर एक टिटवी येऊन बसली.

"राजा, हे हिसकावलेले पाणी," टिटवी म्हणाली. "रीत मागितलेल्या पाण्याची आहे."

"विझवली तर माझी लेक जगेल?"

"ते मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की राज्य मरते आहे."

राजाने मुकुट उतरवला, पायताण काढले आणि भर दुपारी बाहेर पडला. पावलागणिक तळव्यांचे फोड फुटत होते. दार वाजवावे तर आतून कोणी ओ देईना. एका दाराच्या फटीतून त्याने पाहिले. आतले सगळे निजलेले होते आणि कोणाची छाती हलत नव्हती. राजा तिथून अक्षरशः पळाला.

गावकुसाला गोजरा कुंभारीण दारात बसली होती. जमिनीत पुरून ठेवलेले एक मडके तेवढे शिपायांच्या हाती लागले नव्हते.

"आई, ओंजळभर पाणी द्या," राजा म्हणाला.

गोजराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "आता आलासा व्हय? माझा धनी काल गेला. पाणी, पाणी करत गेला."

"आणि हे पाणी?"

"त्याच्यासाठीच पुरलं हुतं. उकरून त्वांडी लावायच्या आत त्यानं डोळं मिटलं."

राजा हात जोडून रडला, पण उन्हाने डोळ्यांतले पाणी गालावर येऊ दिले नाही. गोजरा उठली आणि एका बोळक्यात ओंजळभर पाणी ओतून तिने ते त्याच्या हाती दिले.

"पोरीसाठी देत्ये. तुमच्यासाठी न्हाई."

बोळके घेऊन राजा नदीकडे गेला. नदी कसली, भेगाळलेली माती होती. तिथे तीच टिटवी चार अंड्यांवर पंख पसरून उभी होती. डोंगरापल्याडच्या झऱ्यात ती पोट भिजवून येई आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवी.

"टिटवी, ओंजळभर पाणी दे."

"दिले तर पुन्हा आणीपर्यंत ही उघडी पडतील."

"ठाऊक आहे. तरी मागतो."

टिटवीने अंड्यांकडे पाहिले आणि पिसे बोळक्यात पिळली. मग ती ओरडत डोंगराकडे उडाली. ती परतली तेव्हा चारांतले एक अंडे उकडून गेले होते.

तिसरे दार राजाला सापडेना. सगळीकडे फिरून तो बोळक्यातल्या दोनच ओंजळी घेऊन मांडवाशी आला. राणी लेकीला कवेत घेऊन बसली होती. केतकीच्या हातात चांदीची वाटी होती आणि वाटीत वाड्यातले उरलेले शेवटचे पाणी. राजा लेकीपुढे गुडघ्यांवर बसला. यापेक्षा अवघड काम कोणा बापाला कधी पडले नसेल.

"केतकी, तुझे पाणी मला देशील?"

"आबा, तुम्हांला तहान लागली?"

"सगळ्यांना लागली आहे, बाळ."

केतकीने वाटी ओठांपाशी नेली होती, ती तशीच खाली आणली आणि त्याच्या हाती दिली.

राजाने पहिली ओंजळ होळीवर टाकली. ज्वाळा कमरेपर्यंत खाली आल्या आणि धूम्रकेशाचे हसू थांबले. दुसरी टाकली. ज्वाळा घोट्यापर्यंत आल्या आणि त्याचे केस पांढरे झाले.

"थांब!" तो किंचाळला. "तिसरी टाकलीस तर तिचा श्वास जाईल!"

राजाने राणीकडे पाहिले. राणीने लेकीला आणखी घट्ट धरले, डोळे मिटले आणि मानेने होकार दिला. राजाने वाटी उपडी केली.

होळी विझली. कुठे पानही हलेना. केतकीची मान राणीच्या खांद्यावर पडली आणि राजाच्या काळजाचे पाणी झाले. तेवढ्यात मागे काहीतरी मऊ कोसळल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिले तर धूम्रकेशाच्या जागी राखेचा ढीग होता. होळीला श्वास बांधलेला होता हे खरेच, पण तो त्याचा स्वतःचा. केतकीचे हिव नुसत्या उबेने गेले होते, त्याला मंत्रतंत्र लागले नव्हते.

"आबा," खांद्यावरून बारीक आवाज आला, "गार वाटते आहे."

वाऱ्याची झुळूक आली आणि राख उडवून घेऊन गेली. विहिरींचे झरे पुन्हा पाझरू लागले. उन्हाळा राहिला, पण उन्हाळ्यासारखा राहिला. राजाने घरोघरी जाऊन मेलेल्यांच्या आप्तांपुढे डोके टेकले. काहींनी त्याला उठवले, काहींनी दार लावून घेतले. त्याने दोन्ही मुकाट सोसले.

पुढल्या वर्षी होळी पेटली. दुसऱ्या दिवशी, पुरते उजाडायच्या आत, अनवाणी राजा केतकीचे बोट धरून गोजराच्या दाराशी उभा होता. नदीत तीन टिटव्या नव्या गळ्याने ओरडत होत्या. गोजराने भरले मडके बाहेर आणले, त्याच्या ओंजळीत पाणी ओतले आणि ओतता ओतता म्हणाली,

"यंदा येळेवर आलासा, म्हाराज."

इथे ही कहाणी थंडावली. सांगणाऱ्याचा घसा ओला राहो, ऐकणाऱ्याच्या दारी माठ भरलेला राहो.