करंजावरचे रिकामे घरटे

पूर्वी चंपानगरीवर एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्यावर राखी बगळ्यांचा नायक होऊन जन्माला आले होते. काठच्या करंजावर थव्याची घरटी होती.

त्या वर्षी तळे लवकर आटले, मासे संपले. थव्याने मोठ्या नदीकडे जायचे ठरवले. पण चपलक नावाचा तरुण बगळा जागचा हलेना. त्याचा थोरला भाऊ दीर्घक मासेमाराच्या जाळ्यात अडकून मेला होता. चपलक काडी आणायचा आणि दीर्घकाच्या रिकाम्या घरट्याशी ती चोचीत धरून तासन्‌तास उभा राहायचा. चोच अडकलेली, मग पोटात काय जाणार? तो वाळत चालला होता.

बोधिसत्त्व वैतागले. "अरे, हा काय घरटी बांधायचा हंगाम आहे? टाक ती काडी!"

चपलकाने मान फिरवली.

"मरू दे मेल्याला," कर्कशा नावाची म्हातारी बगळी म्हणाली. "आमची पोरं उपाशी आहेत. तू येतोस, की आम्ही दुसरा नायक करू?"

"करा! सगळे मिळून माझं डोकं खा!"

थवा उडाला, नायकपदही गेले. बोधिसत्त्वांनी चपलकाला समजावले, दटावले, चोचीने ढोसले. तो काडी सोडेना.

बगळ्यांची रीत अशी, की आणलेली काडी घरट्यात बसलेल्याने चोचीत घ्यायची. तोवर आणणाऱ्याने ती सोडायची नाही. हे ध्यानात येताच बोधिसत्त्व स्वतःवरच चरफडले आणि घरट्यात जाऊन बसले.

"आण इकडे, हट्टी कुठला!"

चपलकाने काडी दिली. चोच मोकळी होताच तो हंबरडा फोडून रडला.

"दादा आता येणार नाही ना?"

"नाही रे, बाळा."

तो पुन्हा काडी घेऊन आला.

"ही वाकडी आहे," बोधिसत्त्व कुरकुरले.

"दादाही असंच म्हणायचा."

बोधिसत्त्वांनी ती वाकडी काडी नीट विणली. मग चपलकाने चिखलातला एक बेडूक गिळला. अंगात बळ आल्यावर दोघे नदीकडे उडाले. तिथे बोधिसत्त्व थव्याच्या शेपटाला राहिले.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू असलेले शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, भाऊ गेल्यापासून अन्न टाकून बसलेला हा नंदसेन तेव्हाचा चपलक. त्याचा भाऊ तेव्हाही भाऊच होता. याला विहाराबाहेर काढा म्हणणारे तुम्ही, तेव्हाची कर्कशा. तो चिडका नायक मी होतो."

चिडूनही जो दुःखिताची सोबत सोडत नाही, त्याच्या त्या गुणाला क्षांती म्हणतात.