खिंडीतून येणारं पहिलं झाप

थांबा, इथंच दम खा. हीच ती खिंड. इकडे खाली आमची उगवतवाडी, तिकडे मावळतवाडी. मघाशी चढताना घामाच्या धारा लागल्या होत्या ना? आणि आता टोप्या सांभाळताय! एवढंसं बेट, पण हवा दोन. माणसंही दोन तऱ्हांची. मी उगवतवाडीची, म्हणून खरं तेच सांगते: मावळतवाडीवाले बोलतात ते ओरडूनच, वाऱ्यात राहून सवयच तशी. आम्हाला ते झोपाळू म्हणतात. म्हणू देत!

पूर्वी मात्र ही थट्टा नव्हती, हाडवैर होतं. शांत खाडी आमच्याकडे, त्यांच्याकडे नुसते खडक. त्यांची होडी खाडीत शिरली की आमची माणसं दगड मारायची, असं सांगतात.

अशात घाटावरून आमच्या वाडीत एक सून आली. भिवरा तिचं नाव. तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. कामं उरकली की खिंडीत पळायची आणि वरून ओरडायची, "अगं बया, दोन्हीकडं पाणी!" सासू कपाळावर हात मारून घ्यायची म्हणे.

वैशाख सरत आला होता. घर शाकारायला जुनं छप्पर उतरवून नवी झापं, म्हणजे झावळ्यांचे विणलेले तट्टे, अंगणात रचून ठेवली होती. एका तिन्हीसांजेला भिवरा वर आली, तर खाली आमच्याकडे पानही हलत नव्हतं आणि मावळतीला आभाळ काळंकुट्ट! मावळतवाडीच्या होड्या लाटांवर भेलकांडत होत्या. खडकांकडे जावं तर फुटतील, खाडीकडे वळावं तर अंधारात काही दिसेना.

ती तशीच धावत घरी आली. झापांचा भारा डोक्यावर घेतला, चुलीतलं कोलीत हातात. सासू आडवी आली.

"डोकं फिरलं काय गो तुझं? त्यांची माणसं, त्यांचं ते बघतील! पाऊस दाराशी आलाय, उद्या डोक्यावर काय घेशील?"

"आत्याबाई, वरून कुठली होडी कुणाची ते दिसत नाही हो. माणसं तेवढी दिसतात."

आणि मग काय केलं असेल म्हातारीनं? दुसरा भारा तिनंच उचलला! ते बघून साऱ्या वाडीतल्या बाया आपापली झापं घेऊन निघाल्या. खिंडीत असा जाळ उठला, असा उठला, की त्या खुणेनं सगळ्या होड्या वळसा घालून खाडीत आल्या. एकही दगड पडला नाही.

त्या रात्री आमची वाडी उघड्या छपरांखाली भिजली. सकाळी मावळतवाडीची माणसं आपल्यातली निम्मी झापं घेऊन हीच खिंड उतरली. पहिलं झाप भिवराच्या घरावर चढलं.

आजही, कौलं आली, स्लॅब आले, तरी वैशाखात आमच्या प्रत्येक घरावर पहिलं झाप मावळतवाडीचंच पडतं. आणि खिंडीतून ते खाली न्यायचं बेटावर नवख्या असलेल्या माणसानं. इथं कोण कुणाचं, हे त्याला ठाऊक नसतं ना, म्हणून.

ती बघा, आलीच तिकडची मंडळी झापं घेऊन. ऐकताय ना कसे ओरडतायत ते! चला, उचला एकेक. जपून उतरा हो, पहिलं घर माझंच आहे.