सरदारांची थंडी

बहिरगडच्या सरदारांच्या दिवाणखान्यात रोज गाडीभर लाकूड जळे, तरी सरदार कुडकुडतच. शेवटी चिडून त्यांनी फर्मावलं, "गावची शेकोटी बंद! सगळं लाकूड इकडे आणा."

हे ऐकून गावातली सगुणाक्का ताठ मानेनं त्यांच्यापुढे उभी राहिली. "सरकार, आमचं अख्खं गाव चार ओंडक्यांवर शेकतं."

"ते कसं?" सरदार गुरगुरले.

"आम्ही खांद्याला खांदा लावून बसतो, वाऱ्याला शिरायला फट ठेवत नाही. तुमच्या दहा हातांच्या आत मात्र कुणी यायचं नाही, असा तुमचाच हुकूम. मग तुमच्याजवळ बसणार कोण? वाराच!"

संध्याकाळी सरदार शाल आवळत गावच्या शेकोटीपाशी आले. सगुणाक्का उठली नाही. जराशी सरकली, एवढंच.