गणकाची उचकी

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीच्याही आधी, एका राज्यात एकच गणकयंत्र होतं. ते राजवाड्यात असायचं, चांगलं हत्तीखान्याएवढं. कुणाला बियाण्याचा अंदाज हवा असला, तरी महिनोन् महिने रांगेत ताटकळावं लागे.

एका तांबटिणीला याचा कंटाळा आला. तिने चुलीजवळच्या फळीवर मावेल असं घरगुती गणक बनवलं. मूठ फिरवली की उत्तर हजर. मोठी माणसं त्यावर बेरजा करू लागली, पोरं त्यावर खेळ मांडू लागली. खोट एकच होती. एका चाकाला तिच्या हातून एक दात जास्त पडला होता, त्यामुळे उत्तर देण्याआधी यंत्राला उचकी लागायची. लोकांना त्याचीही मौज वाटे.

तिच्या दारातली गर्दी पाहून लोहाराने आणि सुताराने एकेक गणक विकत घेतलं आणि घरी नेऊन उघडलं.

लोहार म्हणाला, "खरी करामत या उचकीतच आहे. आपण हिच्याहून मोठी काढू."

सुतार मात्र आपल्या घरी चाकं न्याहाळत बसला. जादा दात त्याच्या लक्षात आला आणि त्याने बिनउचकीचं, हलकं लाकडी गणक केलं.

गिऱ्हाईक त्या दोघांकडे पांगलं. तांबटिणीची भट्टी विझायची वेळ आली. नवरा चिडून म्हणाला, "राजाकडे फिर्याद कर. दोघंही चोर आहेत."

"आधी काय चोरलंय ते तरी बघू," असं म्हणून ती दोघांची गणकं घेऊन आली.

लोहाराचं उघडून ती पोट धरून हसली. सुताराचं उघडल्यावर मात्र तिने चाकाचे दात मोजले आणि ती तडक त्याच्याकडे गेली.

"भाऊजी, माझी चूक मला दिसली नाही, तुम्हाला दिसली. हे चाक मी घेऊ का?"

"घ्या की वहिनी," सुतार ओशाळला. "बाकीचं सगळं मी तुमचंच घेतलंय."

जत्रेत तिघांची गणकं शेजारी शेजारी मांडली गेली. तांबटिणीचं नवं गणक बिनआवाज चाललं आणि तिच्यापुढे पुन्हा झुंबड उडाली. मग लोहाराने आपली मूठ फिरवली. यंत्राला अशी काही उचकी लागली, की ते उडून शेजारच्या दह्याच्या मडक्यात पडलं. जत्रा हसून हसून बेजार झाली.

तोंडावरचं दही पुसत लोहार म्हणाला, "वहिनी, मी तर हुबेहूब तुमचंच केलं होतं."

"तेच तर झालं, भाऊजी. माझी चूकही घेतलीत, आणि वर ती वाढवलीत."

त्या दिवशी लोहार पहिल्यांदा आपल्या यंत्राच्या आत नीट डोकावला. पुढच्या जत्रेत सगळ्यांत दणकट गणक त्याचं होतं. त्यातलं पहिलं तांबटिणीने विकत घेतलं आणि तिथेच ते उघडून बसली.

तात्पर्य: दुसऱ्याचं पाहून जरूर शिकावं, पण त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय, ते आपल्या डोक्याने ठरवावं.