धाकटा टॉवर गप्प बसला

टॉवर एकमेकांशी बोलायचे तेव्हाची गोष्ट. समोरासमोरच्या टेकड्यांवर थोरला आणि धाकटा असे दोन मोबाइल टॉवर होते. मधल्या खिंडीत गोदाक्का फोनवर ओरडत होती, “डॉक्टर, गाय अडलीय! वासराला ओढू का?”

थोरला डॉक्टरांचं उत्तर पोचवत होता, धाकटा आपल्या गावाशी बोलत होता. खिंडीत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. थोरल्याने आवाज चढवला, मग धाकट्यानेही. खरखर आणखीच वाढली.

धाकट्याला नवल वाटलं. “दादा, मी गप्प बसलो तर काय होईल?”

“तुझं गाव खोळंबेल.”

“क्षणभरच!”

तो थांबला आणि खिंडीत स्पष्ट ऐकू आलं, “ओढू नका, मी निघालोय!”

तेव्हापासून दोघे पाळीपाळीने बोलू लागले.

संध्याकाळी गोदाक्काने थोरल्याला हात जोडले. “तुझ्यामुळे वासरू वाचलं रे!”

“मी गप्प बसलो म्हणून!” असं धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पाळी थोरल्याची होती.